पिवळें औषध आणि रित्या पेशी



मीं ज्या शाळेंत उणीपुरीं चौतीस वर्षें मास्तरकी केली, त्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलींत एक लांकडी कपाट होतें आणि त्या कपाटांत औषधांची एक पेटी असे. कापूस, पट्ट्या, टिंक्चर आयोडीन आणि पिवळ्याधमक पाण्याची एक बाटली, एवढाच त्या पेटींतील संसार. मैदानावर गुडघे फोडून घेतलेला मुलगा आला कीं त्याच्या जखमेवर तें पिवळें पाणी लावावयाचें. मग पुढचे चार दिवस त्याच्या चड्डीवर आणि माझ्या बोटांवर त्याचा डाग राहत असे. त्या औषधाचें नांव ॲक्रिफ्लेव्हिन. पॉल एर्लिख व लुई बेंडा या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९१२ सालीं तें आफ्रिकेंतील निद्रारोगाच्या जंतूंवर तोडगा म्हणून पुढें आणलें आणि पहिल्या महायुद्धांत तें सैनिकांच्या जखमांसाठीं वापरांत आलें. वस्तुतः तो एक रंगच होय. या पिवळ्या रंगानें जीवशास्त्राच्या इतिहासांत एक फार मोठें दार उघडून दिलें आहे, ही गोष्ट मात्र मला नोकरींतून मोकळा झाल्यावर, वाचनांत समजली. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या मनुष्यास ती समजावून घेण्यास थोडा वेळ लागला. परंतु जें कळलें तें आपणांस सांगावें म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आनुवंशिक गुण ज्यांत सांठविलेले असतात तें डीएनए नांवाचें द्रव्य पेशीच्या केंद्रकांत असतें, असें आम्ही मुलांना शिकवीत आलों. तें बव्हंशीं खरेंही आहे. मनुष्याच्या केंद्रकांतील डीएनएमध्यें सुमारें तीनशें कोटी अक्षरें आहेत. परंतु केंद्रकाबाहेरही, पेशीच्या रसांत तरंगणाऱ्या बारीक कणांत, डीएनएचीं लहान लहान कडीं असतात. एकेका कड्यांत अवघीं १६,५६९ अक्षरें आणि ३७ जनुकें. म्हणजे महाभारतापुढें एखादा श्लोक ठेवावा तितकेंच त्याचें आकारमान. पण केंद्रकांतील ग्रंथाच्या प्रती दोनच, आणि या श्लोकाच्या प्रती एकेका पेशींत शेंकड्यांनीं, हजारांनीं. या प्रतींची संख्या मुद्दाम कमी करावयाची, कधीं ती शून्यावर आणावयाची, कधीं बाहेरून नव्या प्रती आंत सोडावयाच्या, आणि तसें केल्यानें पेशीचें काय होतें तें पाहून रोगाचा माग काढावयाचा, अशी एक विद्या गेल्या पाऊणशें वर्षांत उभी राहिली. तिचा हा इतिहास आहे.

ते कण प्रथम डोळ्यांस पडले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. रिचर्ड आल्टमान या जर्मन शास्त्रज्ञानें १८९० सालीं लिहिलेल्या ग्रंथांत ते पेशीच्या पोटांत राहणारे स्वतंत्र जीवच आहेत असें म्हटलें, आणि त्या वेळच्या विद्वानांस तें पटलें नाहीं. १८९८ सालीं कार्ल बेंडा यानें (हा बेंडा वर आलेल्या बेंडाहून निराळा) ग्रीक भाषेंतील धागा आणि दाणा या अर्थाचे दोन शब्द जोडून त्यांचें मायटोकाँड्रिया असें नांव ठेविलें. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘तंतुकणिका’ हा शब्द त्याचाच अक्षरशः अनुवाद आहे, आणि मला तो मूळ शब्दापेक्षां गोड वाटतो. या कणिका करतात काय, हें कळण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें. शिकागो येथें यूजीन केनेडी आणि अल्बर्ट लेनिंजर यांनीं १९४८-४९ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायू अखेर येथें खर्ची पडतो. अन्न जळतें तें या चुलींत.

नेमक्या त्याच वेळीं पॅरिसमध्यें आपली पिवळी बाटली रंगभूमीवर येते.

बोरिस एफ्रूसी हा मॉस्कोस १९०१ सालीं जन्मलेला आणि रशियांतील राज्यक्रांतीनंतर फ्रान्समध्यें स्थायिक झालेला शास्त्रज्ञ. जर्मनांनीं फ्रान्स जिंकल्यावर त्यानें अमेरिकेंत आश्रय घेतला आणि युद्ध संपतां संपतां तो पॅरिसला परत आला. तेथें त्यानें पाव फुगविण्याचें साधें यीस्ट अभ्यासास घेतलें. बशींतील पोषक थरावर यीस्ट पसरून ठेवलें म्हणजे एकेका पेशीपासून एकेक ठिपका वाढतो. त्यास वसाहत म्हणतात. एफ्रूसीच्या ध्यानांत आलें कीं, शेंकडा एखाद-दुसरी वसाहत इतरांपेक्षां बरीच लहान राहते, आणि तिच्या पेशी पुन्हां कितीही वेळां पेरल्या तरी लहानच वसाहती देतात. फ्रेंच भाषेंत लहानास ‘पतीत’ म्हणतात, तेंच नांव या खुज्या यीस्टला पडलें. मराठी कानांस तें जरा चमत्कारिक लागतें, परंतु त्याचा आपल्या ‘पतित’ शब्दाशीं कांहीं संबंध नाहीं.

येथवर विशेष कांहीं नव्हतें. असलीं खुजीं रूपें कोठेंही निपजतात. विशेष तें पुढें. एफ्रूसी व त्याचे सहकारी यांनीं यीस्टच्या पोषक पाण्यांत ॲक्रिफ्लेव्हिनचा अगदीं पुसटसा अंश मिसळला, तों काय, थोड्याच पिढ्यांत जवळजवळ सगळें यीस्ट खुजें झालें! १९४९ सालीं हे प्रयोग प्रसिद्ध झाले. केंद्रकांतील एखाद्या जनुकांत बिघाड होतो तेव्हां तो लाखांत एखाद्या पेशींत होतो. सगळ्या पेशींत एकच बिघाड एकदम होत नाहीं. आमच्या धंद्यांतील दाखला द्यावयाचा तर, वर्गांतील एक मुलगा नापास झाला तर दोष मुलाचा म्हणतां येईल, परंतु सबंध वर्ग एकाच विषयांत नापास झाला तर मास्तरांकडे किंवा पुस्तकाकडे बोट दाखवावें लागतें. शिवाय खुज्या यीस्टचा निरोगी यीस्टशीं संकर केला असतां खुजेपणा पार नाहींसा होई आणि पुढच्या पिढ्यांत मेंडेलच्या प्रमाणानुसार परत डोकें वर काढीत नसे. एफ्रूसीनें अनुमान बांधलें तें असें : केंद्रकाबाहेर पेशीच्या रसांत आनुवंशिक द्रव्याचे कांहीं कण आहेत, या रंगानें ते वाढेनासे होतात, आणि पेशी मात्र दुभंगत राहतात, म्हणून कांहीं पिढ्यांनीं ज्यांच्या वांट्याला एकही कण नाहीं अशा पेशी उरतात.

आज हें अनुमान किती अचूक होतें हें पाहून आदर वाटतो, कारण हातांत पुरावा म्हणून ठिपक्यांच्या लहानमोठेपणापलीकडे फारसें कांहीं नव्हतें. प्योत्र स्लोनिम्स्की या तरुण पोलिश शास्त्रज्ञानें त्यांत भर घातली. वॉर्साच्या १९४४ च्या उठावांत लढलेला हा मनुष्य युद्धानंतर पॅरिसला येऊन एफ्रूसीच्या हाताखालीं काम करूं लागला होता. खुज्या यीस्टमध्यें श्वसनास लागणाऱ्या कांहीं महत्त्वाच्या विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, मागमूस नाहीं, हें त्यानें दाखविलें. हें यीस्ट श्वास घेतच नव्हतें! साखर आंबवून तें कसेंबसें पोट भरीत होतें, आणि म्हणूनच खुजें होतें. साखर काढून नुसतें अल्कोहोल समोर ठेवलें तर तें वाढूंच शकत नसे.

पण ते कण कोणते? या प्रश्नास चौदा-पंधरा वर्षें उत्तर नव्हतें. १९६३ सालीं स्टॉकहोम येथें मार्गिट नास व सिल्व्हन नास या दांपत्यानें कोंबडीच्या गर्भांतील तंतुकणिका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या आणि त्यांत डीएनएचे तंतू आढळले. पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथें गॉटफ्रीड शाट्झ व त्याच्या सहकाऱ्यांनीं यीस्टच्या तंतुकणिकांतून तें द्रव्य रासायनिक रीतीनें वेगळें केलें. एफ्रूसीच्या कणांस देह मिळाला.

१९६८ सालीं स्लोनिम्स्कीनें दुसरा एक रंग घेतला : एथिडियम ब्रोमाइड. हाही निद्रारोगाच्याच घराण्यांतील. आफ्रिकेंतील गुरांना होणाऱ्या त्याच जातीच्या रोगावर तो वापरला जात असे. त्यानें यीस्ट सरसकट खुजें होऊं लागलें, आणि अशा यीस्टमध्यें तंतुकणिकांचें डीएनए मुळींच उरत नाहीं असें लवकरच निष्पन्न झालें. याचें कारण मोठें मनोरंजक आहे. तंतुकणिकेच्या आंत ऋण विद्युद्भार असतो आणि या रंगाच्या रेणूंवर धन विद्युद्भार असतो. त्यामुळें रंग आपोआप तिकडे ओढला जाऊन तेथें सांचतो. डीएनएची रचना पीळ दिलेल्या शिडीसारखी आहे. या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्यें सुताराच्या पाचरीसारखा तो रेणू बसतो आणि नक्कल करणारें विकर तेथें अडतें. केंद्रकांतील डीएनए प्रथिनांभोंवतीं गुंडाळलेलें व अधिक सुरक्षित असल्यामुळें, रंगाची मात्रा बेतानें दिली तर तें बचावतें. नकला थांबल्या, पण पेशी दुभंगण्याचें थांबलें नाहीं, तर काय होईल याचें गणित चौथीच्या मुलासही करतां येईल. हजार प्रती; एकदां दुभंगल्यावर पांचशें, मग अडीचशें, मग सव्वाशें; दहाव्या खेपेस वांट्याला एक प्रतही धड येत नाहीं. प्रत्यक्षांत हिशेब इतका सरळ चालत नाहीं व अधिक काळ लागतो, परंतु तत्त्व हेंच.

यीस्टला श्वासावांचून जगतां येतें. मनुष्याच्या पेशीस तें जमेल काय? मोठा प्रश्न हाच होता आणि पुष्कळांस तें अशक्य वाटे. प्राण्यांच्या पेशींवर एथिडियमचा प्रयोग केला कीं तंतुकणिकांचें डीएनए घटे, पेशींची वाढ खुंटे, आणि औषध काढून घेतलें कीं उरल्यासुरल्या प्रतींपासून भरती पुन्हां होई. पूर्ण शून्य हातीं लागत नसे. कोंडी फुटली ती कॅनडांतील माँट्रियल येथें, कोंबडीच्या पेशींवर काम करीत असतां. श्वसन बंद पडलेल्या पेशींच्या पोषक पाण्यांत युरिडीन नांवाचा पदार्थ घातला तर त्या वाढतात, असें तेथील संशोधकांस आढळून आलें, आणि १९८५ सालीं त्यांनीं तंतुकणिकांचें डीएनए सर्वस्वीं गमावलेल्या कोंबडीच्या पेशी वाढवून दाखविल्या.

हें युरिडीनचें प्रकरण मला फार उद्बोधक वाटतें. पेशी उपासानें मरत होत्या असा सर्वांचा समज. खरोखर पाहतां त्या अडल्या होत्या एका भलत्याच जागीं. केंद्रकाच्या कामास लागणारें युरिडीन पेशी स्वतः तयार करते, परंतु तें तयार करण्याच्या रीतींतील एक पायरी तंतुकणिकेच्या श्वसनसाखळीस बांधलेली आहे. साखळी तुटली कीं युरिडीन बंद, आणि युरिडीन बंद म्हणजे नवी पेशी बंद. चूल विझल्यामुळें घरांतील शिलाईयंत्र थांबावें असा हा प्रकार! बाहेरून युरिडीन द्या, पेशी चालूं लागते.

कॅलिफोर्नियांतील पासाडेना येथील संस्थेंत जुझेप्पे अट्टार्डी या मूळच्या इटालियन शास्त्रज्ञाकडे मायकेल किंग हा संशोधक काम करीत होता. या दोघांनीं हाडाच्या कर्करोगापासून निघालेल्या मनुष्याच्या पेशी घेतल्या, त्यांस एथिडियम ब्रोमाइडच्या पाण्यांत दीर्घ काळ वाढविलें, आणि पोषणांत युरिडीन व पायरुव्हेट असे दोन पदार्थ पुरविले. साखरेचें विघटन होतांना जो हायड्रोजन सुटतो तो एरवीं तंतुकणिकेंत नेऊन रिता करावा लागतो. तें दार बंद झाल्यावर पायरुव्हेट तो हायड्रोजन स्वतःवर घेऊन लॅक्टिक आम्ल बनतें आणि गाडा अडत नाहीं. १९८९ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला : तंतुकणिकांचें डीएनए लवमात्र नसलेल्या मनुष्याच्या पेशी हातीं आल्या होत्या. यीस्टच्या काळापासून चालत आलेल्या ग्रीक अक्षरावरून त्यांस ‘ऱ्हो-शून्य’ पेशी म्हणतात. या पेशींत तंतुकणिका असतात, त्यांचीं आवरणें असतात, पण आंतील ग्रंथ नाहींसा झालेला. भाडेकरू निघून गेलेला वाडा जसा.

आणि रिता वाडा असला म्हणजे त्यांत नवा भाडेकरू ठेवतां येतो. किंग व अट्टार्डी यांनीं दुसऱ्या मनुष्यांच्या पेशींचें केंद्रक काढून टाकलें, उरलेला भाग आपल्या रित्या पेशींशीं जोडला, आणि मग पोषणांतून युरिडीन काढून घेतलें. ज्यांस नव्या, कामकऱ्या तंतुकणिका मिळाल्या तेवढ्याच पेशी जगल्या. परीक्षा घ्यावी तर अशी, कीं उत्तीर्ण न झालेला उरतच नाहीं.

आतां हा खटाटोप कशासाठीं, असें आपण विचाराल. आदल्याच वर्षीं, १९८८ सालीं, दोन गोष्टी घडल्या होत्या. लंडन येथील इयान होल्ट, अनिता हार्डिंग व जॉन मॉर्गन-ह्यूज यांना स्नायूंच्या एका रोगांत तंतुकणिकांच्या डीएनएचा मोठा तुकडा गळालेला सांपडला. आणि अमेरिकेंत डग्लस वॉलेस व सहकारी यांनीं तरुणपणीं अकस्मात् दृष्टि नेणाऱ्या एका रोगाचें मूळ त्याच डीएनएच्या एका अक्षरांत दाखवून दिलें. मागोमाग मेंदू व स्नायू यांचे असे अनेक रोग उघडकीस आले. परंतु तंतुकणिकेंतील हजारांहून अधिक प्रथिनांपैकीं अवघीं तेरा तिच्या स्वतःच्या ग्रंथांतील आहेत. बाकी सर्व केंद्रकाकडून येतात. मग रोगी मनुष्याच्या पेशींत श्वसन बिघडलेलें दिसलें तर अपराधी कोण, केंद्रक कीं तंतुकणिका? दोघे एकाच घरांत एकत्र नांदत असतां हें ठरविणें कठीण. रित्या पेशींनीं हा तंटा सोडविला. रोग्याच्या तंतुकणिका निरोगी केंद्रक असलेल्या रित्या पेशींत घाला. दोष त्यांच्या पाठोपाठ आला तर अपराध त्यांचा. न आला तर केंद्रकाचा. पुढें तर रोग्याच्या रक्तांतील बिंबिका घेऊनच हें काम होऊं लागलें, कारण त्यांत केंद्रक नसतें आणि तंतुकणिका असतात.

अशाच प्रयोगांत, झटके आणणाऱ्या व अर्धांगवायूसारखे आघात करणाऱ्या दोन रोगांच्या तंतुकणिका घेऊन ॲन चोमिन व अट्टार्डी यांनीं १९९१ नंतर जें पाहिलें तें वैद्यकास नवें होतें. पेशींत दोषी प्रती शेंकडा ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत गेल्या तरी पेशी आपलें काम रेटीत राहते; दहांत एखादीच निर्दोष प्रत उरली कीं ती एकाएकीं कोसळते. मध्यें उतरण नाहीं, एकदम कडा. आई ठणठणीत असतां मूल आजारी कां निपजावें, याचा उलगडा येथें होतो, कारण कोणाच्या वांट्याला किती दोषी प्रती याव्या हा बराचसा दैवाचा खेळ असतो.

या पद्धतींत उणीव नाहीं असें मात्र नव्हे. कर्करोगाची पेशी म्हणजे मनुष्याच्या मेंदूची किंवा हृदयाची पेशी नव्हे, आणि तिच्यांतील निष्कर्ष रोग्याच्या देहास जसाच्या तसा लावण्याची घाई अनेकांनीं केली आहे. परंतु रित्या पेशी साक्षीदार म्हणून किती उपयोगी पडतात याचें एक उदाहरण सांगतों. १९९७ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं जाहीर केलें कीं, म्हातारपणीं स्मृति नेणाऱ्या आल्झायमरच्या रोगांत तंतुकणिकांच्या डीएनएमध्यें ठराविक बदल आढळतात. वृत्तांत सर्वत्र गाजला. त्याच वर्षीं मिचिओ हिरानो व इतर कांहीं संशोधकांनीं तीच चाचणी रित्या पेशींवर करून पाहिली. ज्या पेशींत तंतुकणिकांचें डीएनए मुळांतच नाहीं त्यांतही तेच बदल दिसूं लागले! म्हणजे ते तंतुकणिकांचे नव्हतेच. फार प्राचीन काळीं या डीएनएच्या कांहीं नकला केंद्रकांत शिरून तेथेंच मुरल्या आहेत, त्या चाचणींत घुसल्या होत्या.

आतां या इतिहासांतील दुःखाच्या भागाकडे वळतों.

एड्स या रोगावर झिडोव्हुडीन हें पहिलें औषध अमेरिकेंत १९८७ सालीं मान्य झालें. विषाणूला डीएनएची खोटी वीट पुरवावयाची आणि त्याची भिंत अर्धवट पाडावयाची, अशी या जातीच्या औषधांची युक्ति आहे. परंतु तंतुकणिकेंतील नक्कल करणारें विकरही या खोट्या विटांस थोडेंफार फसतें. १९९० सालीं हें औषध दीर्घ काळ घेणाऱ्यांच्या स्नायूंत तंतुकणिकांचा रोग आढळला, आणि १९९१ सालीं त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिकांच्या डीएनएची पातळी घटलेली दिसली. वस्तुतः इशारा आधींच मिळाला होता. किंग-अट्टार्डींचा निबंध ज्या वर्षीं निघाला त्याच १९८९ सालीं युंग-ची चेंग व त्यांचे सहकारी यांनीं याच जातीच्या दुसऱ्या एका औषधानें पेशींतील तंतुकणिकांचें डीएनए तेवढें नाहींसें होतें व पेशी उशिरानें मरतात, असें लिहून ठेविलें होतें. यांतील ‘उशिरानें’ हा शब्द ध्यानांत ठेवावा. वर केलेलें हजाराचें गणित आठवा : प्रती एकदम संपत नाहींत, शिल्लक पुरते तोंवर सर्व ठीक दिसतें.

१९९३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत, बेथेस्डा येथें, यकृताच्या हिपॅटायटिस ‘ब’ या रोगावर फियालुरिडीन नांवाच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. पंधरा रोगी होते. विषाणू झपाट्यानें घटूं लागला. रोगी व वैद्य दोघेही आनंदांत होते. जून महिन्याच्या अखेरीस एक रोगी यकृत बंद पडून व रक्तांत लॅक्टिक आम्ल सांचून रुग्णालयांत दाखल झाला. चाचणी तात्काळ थांबविण्यांत आली. परंतु औषध थांबलें तरी विष थांबलें नाहीं. पुढच्या कांहीं आठवड्यांत आणखी सहाजणांचें यकृत निकामी झालें. एकंदर सातांपैकीं पांच मृत्यु पावले; दोघे नवें यकृत बसविल्यामुळें वांचले. त्या औषधाच्या खोट्या विटा तंतुकणिकांच्या डीएनएमध्यें बसल्या होत्या.

प्राण्यांवरील चाचण्यांत हा धोका ओळखूं आला नव्हता, आणि त्याचें एक कारण पुढें बऱ्याच वर्षांनीं उमगलें. मनुष्याच्या तंतुकणिकेच्या आवरणांत हें औषध आंत नेणारें एक प्रथिन असतें. उंदराच्या तंतुकणिकेंत तें नसतें. उंदीर सुरक्षित राहिला, कारण त्याचें दारच बंद होतें. चाचणी करणाऱ्यांवर ठपका ठेवण्याचा मला अधिकार नाहीं, आणि चौकशींतूनही निष्काळजीपणाचा निष्कर्ष निघाला असें नव्हे. तथापि माझ्या मनांत एक गोष्ट सलत राहते : पेशी रित्या होतात, हळूहळू होतात, आणि रितेपणा उशिरां जाणवतो, हें प्रयोगशाळेंतील मंडळींस ठाऊक होतें, रुग्णालयांतील मंडळींच्या मेजावर तें ज्ञान वेळेवर पोंचलें नाहीं. त्यानंतर मात्र या जातीचें औषध माणसांस देण्याआधीं, मनुष्याच्या पेशींत तें दीर्घ काळ ठेवून तंतुकणिकांच्या डीएनएची पातळी मोजण्याकडे लक्ष दिलें जाऊं लागलें.

या कथेंत आपलें मुंबई शहरही येतें. २००१ सालच्या आरंभीं मुंबईच्या सिप्ला या औषध-कंपनीनें एड्सवरील तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरांत देण्याची तयारी दाखविली, आणि पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्चाची ही चिकित्सा आफ्रिकेंतील व भारतांतील गरिबांच्या आटोक्यांत आली. त्या संचांतील एक औषध स्टॅव्हुडीन. त्यानें असंख्य लोक वांचविले, ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. पण तें तंतुकणिकांच्या डीएनएच्या मुळावर येणारें होतें. पायांची आग, बधिरपणा, गालांवरील चरबी झडून चेहरा ओढल्यासारखा होणें, असे त्याचे परिणाम वर्षा-दोन वर्षांनीं दिसूं लागत. अखेर २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तें हळूहळू वापरांतून काढण्याचा सल्ला दिला. जगावें तर गाल बसलेला चेहरा घेऊन, नाहींतर मरावें, अशी निवड ज्यांस करावी लागली त्यांच्यापुढें आपण शास्त्राच्या गोष्टी जपूनच बोलाव्या.

औषधावांचूनही, जन्मतःच तंतुकणिकांचें डीएनए कमी असलेलीं मुलें असतात. हा रोग १९९१ सालीं प्रथम ओळखला गेला. कोणाचें यकृत जातें, कोणाचे स्नायु. मूल बसूं लागतें, उभें राहतें, आणि मग आलेलें सर्व एकेक करून हरवतें. रित्या पेशींच्या अभ्यासानें येथें एक महत्त्वाची गोष्ट शिकविली होती : ग्रंथांत चूक नसतांही प्रतींची नुसती संख्या घटली तर तेवढ्यानें रोग होतो. प्रती सांभाळणारें एक प्रथिन उंदरांतून काढून टाकून नील्स-गोरान लार्सन यांनीं १९९८ सालीं हेंच जिवंत प्राण्यांत दाखविलें. तें प्रथिन सर्वस्वीं नसलेले उंदीर जन्मासच येत नाहींत. पुढें त्यांनीं तेंच प्रथिन वाढवून प्रती वाढवितां येतात हेंही दाखविलें.

२००१ सालीं इस्रायलमधील संशोधकांनीं या मुलांपैकीं कांहींच्या रोगाचें मूळ शोधलें. तंतुकणिकेंत डीएनएच्या विटा तयार करणारें थायमिडीन कायनेज-२ हें विकर त्यांच्यांत अपुरें होतें. ग्रंथ शाबूत, लेखनिक शाबूत. शाईच मिळत नाहीं. मग शाई बाहेरून कां देऊं नये? वर ज्यांचें नांव आलें ते मिचिओ हिरानो न्यूयॉर्कमध्यें या प्रश्नाच्या मागें लागले. २०१४ सालीं या रोगाच्या उंदरांस त्या विटांचा कच्चा माल पाजून त्यांचें आयुष्य लांबवितां आलें, आणि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत रोग्यांची हकीकत आली : चालणें हरवलेल्या कांहींजणांस पुन्हां चालतां येऊं लागलें, नळीनें अन्न घेणाऱ्या कांहींची नळी निघाली. थायमिडीन व डिऑक्सिसायटिडीन या दोन पदार्थांच्या मिश्रणास २०२५ सालीं अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें, ज्यांस हा रोग बारा वर्षांच्या वयापर्यंत जडला अशा रोग्यांसाठीं, मान्यता दिली. तें भुकटीच्या रूपानें येतें. पाण्यांत कालवून दिवसांतून तीनदां मुलाला पाजावयाचें असतें.